आईच्या पीआयपी अपीलचा निकाल हातात आलाय, पण जिंकलो की हरलो तेच कळेना

रानजाई | ९ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.४०

आज आईच्या पीआयपीचं (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, इथला ब्रिटनमधला अपंगत्वाचा भत्ता) ट्रिब्युनल, म्हणजे अपिलाची सुनावणी होती. दीड वर्ष वाट बघितली आणि पाऊण तासात सगळं संपलं. आम्हाला बाहेर बसवलं, वीसेक मिनिटांनी परत आत बोलावलं, जजबाई काहीतरी बोलल्या, इंटरप्रिटरने ते मराठीत सांगितलं, आई "थँक्यू थँक्यू" करत उठलीसुद्धा, आणि माझ्या हातात दोन पानी कागद आला. गाडीत बसल्या बसल्या तो चार वेळा वाचला, घरी येऊन परत दोनदा. अजून डोक्यात शिरत नाहीये.

पहिल्या ओळीत अपील अलाउड. बरं. दुसऱ्या ओळीत अमुक तारखेचा निर्णय "सेट असाइड". आता मी आपली सरळ डिक्शनरी उघडली तर बाजूला ठेवणे! म्हटलं आमचं अपील बाजूला ठेवलं की काय. मग खाली डेली लिव्हिंगला (रोजची कामं) स्टँडर्ड रेट, तारखा, आणि त्याच्या खाली मोबिलिटीला (चालणं-फिरणं) "नॉट एन्टायटल्ड". अलाउड पण आणि नॉट एन्टायटल्ड पण, एकाच पानावर!

थोडं मागचं सांगते. आई ६३ वर्षांची, रुमेटॉइड संधिवात, दोन्ही हात आणि गुडघे. १४ मे २०२४ ला क्लेम केला. फोनवर तपासणी झाली. १२ नोव्हेंबर २०२४ ला पत्र, डेली लिव्हिंग ६ पॉइंट, मोबिलिटी ४, म्हणजे हातात शून्य. मँडेटरी रीकन्सिडरेशन म्हणजे फेरविचार मागितलं, तेच उत्तर. मग अपील. आजच्या कागदावर डेली लिव्हिंगचे ११ पॉइंट आहेत आणि मोबिलिटी तिथल्या तिथे ४. अवॉर्ड १४ मे २०२४ पासून १३ मे २०२८ पर्यंत.

कोणाला हे वाचता येतं का? आई विचारतेय "झालं ना आपलं?" आणि मी काय सांगू तेच कळत नाहीये.

टिकलू | ९ ऑक्टोबर, रात्री १०.०५

अगं जिंकलात की!! अभिनंदन. अलाउड म्हणजे अलाउड, कागद फ्रेम करून लाव आणि झोप आता. आणखी काही उकरू नकोस.

भोचक | ९ ऑक्टोबर, रात्री १०.२२

११ पॉइंट. म्हणजे एन्हान्स्डला, वरच्या रेटला, एक पॉइंट कमी. एकच! मी असतो तर मला झोप आली नसती. वर जा, लढा.

पानगळ | ९ ऑक्टोबर, रात्री ११.३०

रानजाई, मी सहा वर्षं एका सल्ला केंद्रात स्वयंसेवक म्हणून हे कागद लोकांना वाचून दाखवतोय, आणि दर दोन माणसांत एक "सेट असाइड" ला अडखळतो, तेव्हा तुमचं काही चुकलेलं नाही. बाजूला ठेवलंय ते डिपार्टमेंटचं (भत्ता देणाऱ्या सरकारी खात्याचं) पत्र, तुमचं अपील नव्हे. तो १२ नोव्हेंबरचा निर्णय रद्द झाला, संपला, त्याच्या जागी आता हा दोन पानी कागद. "अलाउड" चा अर्थ एवढाच की जुना निर्णय जसाच्या तसा राहिला नाही. सगळं मागितलेलं मिळालं असा नाही. पीआयपीत दोन वेगळ्या पेट्या आहेत, डेली लिव्हिंग आणि मोबिलिटी, आणि एका पेटीतले पॉइंट दुसरीत घालता येत नाहीत. प्रत्येक पेटीत ८ ला स्टँडर्ड, १२ ला एन्हान्स्ड. तुम्ही पहिली पेटी जिंकलात, दुसरी हरलात, आणि पहिलीतही वरचा मजला एका पॉइंटाने हुकला.

पैशाचं सांगतो. या वर्षी (२०२५-२६) डेली लिव्हिंग स्टँडर्ड आठवड्याला ७३.९० पौंड आहे, एन्हान्स्ड ११०.४०. मागच्या वर्षीचा स्टँडर्ड ७२.६५ होता. १४ मे २०२४ पासूनचे धरले तर आजपर्यंत साधारण ५३०० पौंड एरिअर्स होतात, पुढे दर चार आठवड्यांनी येत राहतील. खात्यात यायला बहुतेक वेळा चार ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त, तेव्हा उद्यापासून बँक ॲप उघडत बसू नका.

आता एक काम करा. कागदावर कुठल्या कुठल्या डिस्क्रिप्टरला (कुठलं काम कितपत जमतं ते सांगणाऱ्या ओळीला) किती पॉइंट दिलेत ते लिहिलेलं असेल, १ई, ४ई असं काहीतरी. ते इथे टाका, नावं वगैरे काढून.

रानजाई | १० ऑक्टोबर, सकाळी ७.१५

पानगळ, खूप आभार. आईला "जुनं पत्र रद्द" एवढंच सांगितलं, तिचा चेहराच बदलला.

१ई स्वयंपाक ४, ४ई आंघोळ ३, ५बी टॉयलेट २, ६डी कपडे २. आधीच्या पत्रात स्वयंपाक, आंघोळ आणि कपडे तिन्हीला "साधन वापरून जमतं" म्हणून प्रत्येकी २ होते.

स्वयंपाकाचे ४ कसे मिळाले ते सांगते, कारण तो एकच प्रसंग मला लख्ख आठवतोय. पॅनेलमध्ये तिघं होते, जजबाई, एक डॉक्टर आणि एक अपंगत्वाचा अनुभव असलेले गृहस्थ. डॉक्टरांनी विचारलं "कॅन यू यूज द कुकर?" आणि इंटरप्रिटरने तोंड उघडायच्या आत आई म्हणाली "नो नो, कुकर नो, झाकण लागत नाही मला, बोटं वळतच नाहीत." डॉक्टर गोंधळले. त्यांच्या कुकरला म्हणजे शेगडीला झाकण कुठून आलं! इंटरप्रिटर हसायला लागली, मग तिने समजावलं की आमच्यात कुकर म्हणजे प्रेशर कुकर. त्यावरून डॉक्टरांनी एकेक विचारायला घेतलं, मग भांडं कोण उचलतं, गरम पाणी कोण ओततं, सुरी कशी धरता, हात दाखवा. आईने हात टेबलावर ठेवले. कोणीच काही बोललं नाही थोडा वेळ. मला वाटतं ते ४ पॉइंट तिथे पडले.

चष्मिष | १० ऑक्टोबर, सकाळी ८.५०

कुकरचं वाचून इथे चहा सांडला :)

बरं पण औषधांचं काय? ती तिसरी ॲक्टिव्हिटी आहे ना, थेरपी आणि औषधं. त्यात मदत लागत असेल तर १ पॉइंट असतो. एकच. तुमच्याकडे नेमका तोच एक कमी आहे.

रानजाई | १० ऑक्टोबर, सकाळी ९.०२

चष्मिष, आत्ता हे वाचून मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले.

गोळ्यांची पाकिटं आईच्याने फुटत नाहीत. बोटात जोरच नाही. रोज सकाळी कामावर निघायच्या आधी मी दिवसाच्या गोळ्या दाबून काढते आणि वाटीत ठेवून जाते. दोन वर्षं झाली. इतकं सवयीचं झालंय की फॉर्ममध्ये ते मदत म्हणून लिहायचं सुचलंच नाही, "औषधं वेळेवर घेते" असं लिहिलं. आणि काल डॉक्टरांनी विचारलं तर आई काय म्हणाली माहितीये, "हो हो गोळ्या माझ्या मीच घेते." किती अभिमानाने म्हणाली! मी शेजारीच बसले होते, मला वाटलं तिच्या मध्ये बोलायचं नसतं.

टिकलू | १० ऑक्टोबर, सकाळी ९.२०

आया अशाच असतात. माझी आई प्लास्टर घातलेल्या पायाने "मी ठीक आहे" म्हणायची.

भोचक | १० ऑक्टोबर, सकाळी ९.४५

मग आता वर अपील करा आणि गोळ्यांचं सांगा. सोपं आहे. एक पॉइंट, आठवड्याला साडेछत्तीस पौंड.

पानगळ | १० ऑक्टोबर, दुपारी १.१०

भोचकराव, सोपं असतं तर काय हवं होतं.

वर म्हणजे अप्पर ट्रिब्युनल. तिथे "हे सांगायचं राहिलं" चालत नाही. तिथे फक्त कायद्याची चूक बघतात, म्हणजे खालच्या पॅनेलने नियम चुकीचा लावला, पुरावा समोर असून त्याबद्दल अवाक्षर लिहिलं नाही, कारणं अपुरी दिली, सुनावणी धड झाली नाही, असलं काही. आईंनी स्वतः सांगितलं गोळ्या मीच घेते, पॅनेलने ते मानलं. यात पॅनेलची चूक काय? वाईट वाटतं पण हा मुद्दा तिथे टिकणार नाही.

मात्र वर जा किंवा नका जाऊ, एक गोष्ट कराच. स्टेटमेंट ऑफ रीझन्स मागा. हातात आहे ती नुसती डिसिजन नोटीस, काय ठरलं ते सांगणारी. का ठरलं ते स्टेटमेंटमध्ये येतं, कोणाचं कुठलं म्हणणं मानलं, कुठलं नाही, आणि का. नोटीस दिल्यापासून एक महिन्यात लेखी मागायचं असतं, फी नाही, वकील नाही, दोन ओळींची ईमेल पुरे, केस नंबर घाला. सोबत रेकॉर्ड ऑफ प्रोसीडिंग्स पण मागा, सुनावणीत कोण काय बोललं त्याची नोंद असते. तुमची तारीख ९ नोव्हेंबर, तो रविवार आहे, तेव्हा याच आठवड्यात पाठवून मोकळ्या व्हा. मी लोकांना हे सांगून सांगून दमलो, निकाल आवडलेला असो नसो, स्टेटमेंट घेऊन ठेवा, कारण महिना उलटला की ते मिळवायला विनवण्या कराव्या लागतात आणि स्टेटमेंटशिवाय वर जायचा रस्ता जवळजवळ बंदच.

रानजाई | १० ऑक्टोबर, दुपारी १.३०

मागितलं तर जज चिडून दिलेलं काढून घेतील का? हसू नका, आई हेच विचारतेय.

पानगळ | १० ऑक्टोबर, दुपारी १.५५

हसत नाही, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. नाही. कारणं मागणं म्हणजे तक्रार नव्हे, तो हक्क आहे, आणि तुम्ही मागितलंत म्हणून पैसे थांबत नाहीत. हां, तोच एक महिना डिपार्टमेंटलाही असतो. त्यांनी स्टेटमेंट मागितलं आणि वर जायचा विचार आहे म्हणाले तर ते पेमेंट रोखून धरू शकतात. तसं झालं तर तुम्हाला पत्र येतं.

खारीचावाटा | १० ऑक्टोबर, संध्याकाळी ६.४०

मध्येच घुसते, सॉरी. माझ्या सासूबाई इथेच आमच्याकडे आहेत, त्यांनाही संधिवात आहे, व्हिसावर आहेत. त्यांना पीआयपी मिळेल का?

चष्मिष | १० ऑक्टोबर, संध्याकाळी ७.००

व्हिसावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) लिहिलंय का ते आधी बघा. असेल तर हातही लावू नका, पीआयपी पब्लिक फंडात मोजतात आणि क्लेम केला तर उद्या व्हिसाच्या कामात ते उलटू शकतं. इमिग्रेशनवाल्या रजिस्टर्ड सल्लागाराला विचारल्याशिवाय फॉर्म मागवू नका. शिवाय साधारणपणे मागच्या १५६ आठवड्यांपैकी १०४ आठवडे इथे राहिलेलं असावं लागतं. आणि सासूबाई स्टेट पेन्शनच्या वयाच्या पुढे असतील तर नवीन पीआयपी मिळतच नाही, त्यांच्यासाठी अटेंडन्स अलाउन्स असतो, तोही पब्लिक फंडच.

वेगळा धागा काढा ना, इथे रानजाईचं राहून जाईल.

चष्मिष | १० ऑक्टोबर, संध्याकाळी ७.२५

आणि रानजाई, माझं सांगते, कारण "लढा लढा" म्हणणारे खूप भेटतात. मला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार) आहे. पहिल्या ट्रिब्युनलने डेली लिव्हिंगला नेमके ८ दिले, मोबिलिटीला काही नाही. मी चिडले, स्टेटमेंट मागवलं, त्यात खरंच चूक होती, परवानगी मिळाली, अप्पर ट्रिब्युनलने निकाल रद्द केला. मी पेढे वाटायच्या बेतात. मग कळलं की रद्द म्हणजे अख्खा रद्द, माझे ८ सुद्धा! नव्या पॅनेलसमोर पहिल्यापासून. त्यांनी मोबिलिटी दिली आणि डेली लिव्हिंग ८ वरून ६ वर आणलं. एका हाताने दिलं दुसऱ्या हाताने नेलं. माझ्या बाबतीत पैशाचा हिशोब थोडा माझ्याच बाजूने राहिला म्हणून ठीक, पण त्या मधल्या अकरा महिन्यांत माझं वजन सात किलोने उतरलं होतं.

भोचक | १० ऑक्टोबर, रात्री ८.१०

हे मला माहीत नव्हतं. मागे घेतो.

पानगळ | १० ऑक्टोबर, रात्री ९.३०

चष्मिष म्हणतात ते नेहमीच होतं असं नाही, कधी अप्पर ट्रिब्युनल स्वतःच नवा निर्णय देतं, कधी परत पाठवतं, कधी खालचा जज परवानगीचा अर्ज वाचूनच आपला निकाल पुन्हा तपासतो. पण जिंकलेली पेटी उघडी पडते हे खरं आणि ते डोक्यात ठेवूनच पाऊल टाकायचं.

मोबिलिटीकडे येऊ. ४ पॉइंट म्हणजे पॅनेलच्या मते त्या ५० मीटरच्या पुढे, २०० मीटरपर्यंत चालू शकतात. ८ पॉइंटला २० ते ५० मीटर लागतं. आता नियम असा आहे, २०१३ च्या पीआयपी नियमांतला चौथा, की नुसतं "चालू शकते" पुरत नाही. सुरक्षितपणे, ठीकठाक रीतीने, लागेल तितक्या वेळा परत परत, आणि वाजवी वेळात जमलं पाहिजे. वाजवी वेळ म्हणजे धडधाकट माणसाला जास्तीत जास्त जितका लागेल त्याच्या दुपटीपेक्षा जास्त नाही. आईंना सुनावणीत चालण्याबद्दल काय विचारलं? आणि त्या काय म्हणाल्या?

रानजाई | १० ऑक्टोबर, रात्री १०.१५

"बसस्टॉपपर्यंत चालत जाता का?" आई म्हणाली "हो, जाते की." बसस्टॉप घरापासून दीडशे मीटर असेल. मग त्यांनी वेळ विचारली, आई म्हणाली दहा मिनिटं. मी तेव्हा मात्र बोलले, की मध्ये एका घराची बुटकी भिंत आहे तिच्यावर ती बसते, आणि आल्यावर दुसऱ्या दिवशी बाहेर पडत नाही. जजबाईंनी लिहून घेतलं. निदान मान हलवली आणि पेन चाललं.

आणि या जुलैपासून तर उजवा गुडघा गेलाच आहे. आता ती बसस्टॉपलाही जात नाही. गुडघा बदलायच्या वेटिंग लिस्टवर आहे. तेही सांगितलं मी.

पानगळ | ११ ऑक्टोबर, सकाळी ८.००

जुलैचा गुडघा या निकालात येऊच शकत नव्हता. ट्रिब्युनल १२ नोव्हेंबर २०२४ ला आई कशा होत्या तेवढंच बघतं, त्यानंतर काय बिघडलं ते बघायची कायद्याने त्यांना मनाई आहे. लोकांना हे फार लागतं, ऑक्टोबर २०२५ मध्ये समोर बसलेलं माणूस बघून मागच्या नोव्हेंबरबद्दल ठरवायचं. पण त्याचा अर्थ गुडघा वाया गेला असा नाही. त्याचा वेगळा रस्ता आहे, परिस्थिती बदलली म्हणून कळवणं. तीन महिने त्रास होऊन गेलेला हवा आणि पुढे नऊ महिने राहील असं दिसायला हवं. तोटा असा की कळवलं की ते फक्त गुडघा बघतील असं नाही, अख्खं अवॉर्ड परत तपासू शकतात, वर जाऊ शकतं, खालीही. म्हणून हातात डॉक्टरचं ठणठणीत पत्र असल्याशिवाय फोन करू नये असं माझं मत.

आणि एक, हे कोणी सांगत नाही. आई ६३ च्या, म्हणजे त्यांचं स्टेट पेन्शनचं वय ६७. त्या वयानंतर पीआयपी चालू राहतो पण मोबिलिटी पहिल्यांदा मिळवता येत नाही. जे काही मिळवायचंय ते ६७ च्या आत. घाई नाही, पण गाफीलही राहू नका.

वाटसरू_९ | ११ ऑक्टोबर, दुपारी १२.२०

रानजाई, तू आठवड्याला ३५ तास आईचं करतेस का? मग केअरर्स अलाउन्स बघ. डेली लिव्हिंग कुठल्याही रेटचा मिळाला तरी चालतो. २०२५-२६ ला आठवड्याला ८३.३० पौंड आहे, पण नोकरीतून हातात येणारं आठवड्याला १९६ पौंडांच्या वर गेलं की काहीच मिळत नाही. महत्त्वाचं म्हणजे पीआयपीचा निकाल लागल्यापासून तीन महिन्यांत अर्ज केला तर मागचे पैसे पीआयपीच्या सुरुवातीपासून मिळतात. आम्ही चौथ्या महिन्यात केला. विचारू नका.

आणि घरात कोणाला युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाचा भत्ता) असेल तर एरिअर्स आले म्हणून घाबरू नका, आईंच्या नावावर ते असेल तरी ही रक्कम बारा महिने बचतीत धरत नाहीत. पण वेगळ्या खात्यात ठेवा, म्हणजे दाखवता येतं.

रानजाई | ११ ऑक्टोबर, दुपारी २.००

मी आठवड्याला दोनच दिवस काम करते, आईसाठीच कमी केले होते. हे आत्ता बसणार बहुतेक. वाटसरू, हे मला कोणीच सांगितलं नसतं.

स्टेटमेंटची ईमेल केली. ब्लू बॅजचं (अपंगांच्या पार्किंगचा) काय, मोबिलिटी नाही म्हणजे तोही नाही का?

वाटसरू_९ | ११ ऑक्टोबर, दुपारी २.३५

तू इंग्लंडमध्ये आहेस ना? चालण्याला ८ असते तर आपोआप मिळाला असता. नाही म्हणून दार बंद नाही, काउन्सिलकडे अर्ज कर, ते स्वतः तपासून देऊ शकतात. जुलैनंतरचा गुडघा तिथे चालतो.

रानजाई | ७ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.५०

पैसे आले. सकाळी आईचा फोन वाजला, बँकेचा मेसेज, तिला वाटलं फ्रॉड आहे. मला म्हणे "उघडू नकोस."

टिकलू | ७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.०५

हाहा. आता तरी फ्रेम कर.

रानजाई | ५ डिसेंबर, रात्री १०.००

स्टेटमेंट ऑफ रीझन्स आलं, चार तारखेचं आहे, सात पानं. गोळ्यांबद्दल पानगळ म्हणाले तसंच, एकच वाक्य, अपीलकर्तीने स्वतः गोळ्या घेत असल्याचं सांगितलं, आम्ही ते स्वीकारतो. वाचताना स्वतःचाच राग आला.

हातांबद्दल मात्र जवळजवळ दीड पान आहे. बोटांचे सांधे कसे दिसले, पेन कसं धरलं, कोट घालताना मी बाही धरली तेही त्यांनी पाहिलं होतं. फोनवरच्या तपासणीत "पकड पुरेशी" लिहिलं होतं, त्याबद्दल लिहिलंय की हात न बघता काढलेल्या निष्कर्षाला आम्ही कमी वजन देतो. आईला हे मराठीत वाचून दाखवलं, ती म्हणाली परत वाच.

आणि चालण्याबद्दल चार ओळी. दीडशे मीटर, दहा मिनिटं, म्हणून २बी, तेच ४ पॉइंट. भिंतीवर बसण्याचा उल्लेख नाही, दुसऱ्या दिवशी पडून राहण्याचा नाही. रेकॉर्ड ऑफ प्रोसीडिंग्समध्ये पण बघितलं, तिथे माझं वाक्य आहे! "रेस्ट्स ऑन वॉल, नेक्स्ट डे इन." म्हणजे जजबाईंचं पेन खरंच चाललं होतं.

पानगळ | ५ डिसेंबर, रात्री ११.१०

हा मुद्दा आहे. धडधाकट माणूस दीडशे मीटर सावकाश गेला तरी दोन-तीन मिनिटांत जातो, तिथे दहा, म्हणजे दुपटीच्या कितीतरी पुढे. वेळ आणि परत परत जमणं, दोन्हीचा विचार दिसत नाही आणि पुरावा तर नोंदीत आहे. कारणं अपुरी म्हणून परवानगी मागता येईल. पहिला अर्ज त्याच ट्रिब्युनलकडे, स्टेटमेंट पाठवल्यापासून एक महिना, म्हणजे ४ जानेवारी. तिथे नाही म्हणाले तर थेट अप्पर ट्रिब्युनलकडे, परत एक महिना.

पण आता खरा प्रश्न कायद्याचा नाहीये. दीड पान हातांवर लिहिलेला, पक्का बांधलेला निकाल तुमच्याकडे आहे. तो उघडा टाकायचा का? दुसरीकडे जुलैचा गुडघा आहे, तोही रस्ता पूर्ण सुरक्षित नाही, पण तिथे हे सात पानी स्टेटमेंट तुमच्या बाजूने पुरावा म्हणून जोडता येतं. मी तुमच्या जागी काय केलं असतं विचाराल तर दुसरा रस्ता. पण मी तुमच्या जागी नाही. तिकडे एखाद्या वेलफेअर राइट्सवाल्याला (भत्त्यांच्या हक्कांच्या सल्लागाराला) कागद दाखवाच, माझ्या शब्दावर जाऊ नका.

भोचक | ५ डिसेंबर, रात्री ११.२५

मी या वेळी गप्प बसतो.

चष्मिष | ६ डिसेंबर, सकाळी ७.४०

आईंना विचारलंस का? त्यांचं अपील आहे. मी माझ्या वेळी नवऱ्याच्या रागावर निर्णय घेतला होता, माझ्या नव्हे.

रानजाई | ११ जानेवारी २०२६, दुपारी ४.२०

उशिरा लिहितेय, सुट्ट्या आणि आईचा गुडघा. सल्लागारांना भेटलो. त्यांनी दोन्ही रस्ते समोर ठेवले, शक्यता सांगितल्या, आणि वळून आईलाच विचारलं. आई म्हणाली त्या खोलीत परत जाऊन हात दाखवायचे नाहीत मला. झालं. ४ तारीख जाऊ दिली.

डिसेंबरअखेर सर्जनचं पत्र आलं, चालणं "वीस ते तीस मीटर, काठीने, थांबत" असं स्पष्ट लिहिलंय. मग फोन करून बदल कळवला. केअरर्स अलाउन्स मंजूर झालाय, मागच्या पैशांसकट, वाटसरू तुला काय बोलू.

नवा फॉर्म काल आला. या वेळी मी भरत नाहीये, आई सांगते आणि मी फक्त लिहिते. औषधांच्या प्रश्नाशी आली तेव्हा बराच वेळ टेबलावरच्या वाटीकडे बघत होती. मग म्हणाली, लिही, पाकीट फुटत नाही, मुलगी काढून देते, रोज. मी लिहिलं. जरा थांबून म्हणाली आणि कुकरचं पण लिही, पण पुढे प्रेशर टाक.